दसरा काढण्याआधी कागदाची पेटी काढा: अडगळ, कागदपत्रं आणि पैशाचं गणित
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अडगळ विकून खरंच पैसे जमतात का?

रद्दी, भंगार, जुने कपडे यांतून सणाचा किराणा निघेल, पोराच्या लातूरच्या क्लासची फी निघणार नाही. तेवढी आशा धरून माळा उपसायला बसलात तर दुपारपर्यंत दमाल आणि अर्धं सामान परत वर टाकाल.

मोठी रक्कम कागदाच्या पेटीत असते. मुदत संपून पाच वर्षं झालेली ठेव पावती, तीन-चार हप्ते भरून सोडून दिलेली विमा पॉलिसी, आजोबांच्या नावाचं पासबुक, कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरून न उतरलेला बोजा, म्हणजे कर्जाची नोंद. म्हणून आमचा क्रम नेहमीच्या उलटा आहे: आधी पेटी, मग माळा, सगळ्यात शेवटी भांडी.

कोणत्या दिवसांत काढावं?

सामान दसऱ्यालाच. वाकळा-गोधड्या धुवायला निघतातच, घरचे सगळे कामाला लागलेले असतात, ऊनही असतं. कागद मात्र मार्च ते मे. हवा कोरडी असते, कागद एकमेकांना चिकटलेले नसतात, आणि पुढे एप्रिलपासून पीककर्ज, जूनला शाळा-कॉलेजचे प्रवेश, जुलैअखेर प्राप्तिकर विवरण अशी कागद मागणारी कामं रांगेने येतात. दमट झालेले कागद उन्हात घालू नका, शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, वर एखादं वजन ठेवून सुकवा.

सुरुवात नेमकी कशी करायची?

जमिनीवर एक जुनी चादर अंथरा. घरातले सगळे कागद तिथे आणा: पेटी, देव्हाऱ्याखालचा कप्पा, कपाटातल्या साड्यांखालचे, दाराच्या खिळ्याला तारेत ओवलेली बिलं, गाडीच्या डिकीतले. चार ढीग करा: जपायचे, चालू कामाचे, विचारायचे, फाडायचे. एका कागदावर पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला तर तो ‘विचारायचे’ ढिगात टाका आणि पुढे चला. बहुतेकांचं काम इथेच अडतं. जुनी पत्रं, पत्रिका, गुणपत्रिका वाचत बसलं की संध्याकाळ होते आणि ढीग तसाच राहतो.

एका बैठकीला दोन तास, जास्त नाही. तीन-चार बैठकांत मध्यम कुटुंबाचे कागद संपतात. पहिल्या दिवशी काहीच फाडू नका.

पैशाची उद्दिष्टं आणि या आवराआवरीचा संबंध काय?

कोणता कागद आधी हातात घ्यायचा, हे उद्दिष्टावरून ठरतं. एका कागदावर तीनच ओळी लिहा, प्रत्येकीत काम, रक्कम आणि महिना. उदाहरणार्थ: क्लासची फी, ६० हजार, जून. खासगी देणं, ५० हजार, सोयाबीन गेल्यावर. बोअर किंवा मोटर, ४० हजार, पुढची दिवाळी. हा कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. ‘पैसे वाचवायचे’ असं मोघम लिहिलेलं चार दिवसांत विसरतं.

मराठवाड्यात बऱ्याच घरांत पैसा महिन्याला येत नाही, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल गेला की येतो: सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीने. म्हणून ‘पगाराच्या अमुक टक्के’ असली सूत्रं इथे बसत नाहीत. आडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याचा हिशेबाचा कागद, हातात पडली त्याच दिवशी तीन ओळींचे पैसे बाजूला काढायचे आणि उरलेल्यात सण करायचा.

आणि आधी देणं फेडा. दरमहा शेकडा तीनने घेतलेल्या ५० हजारांना महिन्याला दीड हजार, वर्षाला १८ हजार व्याज जातं. असं देणं डोक्यावर ठेवून पोस्टात आरडी चालवणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं. देणं फिटलं की सहीचा कोरा चेक, कोरा स्टँप आणि वचनचिठ्ठी परत घ्या, स्वतःच्या हाताने फाडा आणि ‘पूर्ण रक्कम मिळाली’ अशी सहीची पावती जपून ठेवा.

कोणता कागद किती वर्षं ठेवायचा?

कसोटी एकच: हरवला तर दुसरीकडून मिळतो का, आणि मिळवायला किती हेलपाटे?

सातबारा आणि आठ-अचे जुने छापील उतारे खुशाल कमी करा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो आणि सरकारी कामाला चालतो. पण जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी), वाटणीपत्र, मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा), मूळ खरेदीखत, इसारपावती हे कधीच टाकायचे नाहीत. खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते, मात्र घरकर्जाला बँक मूळ प्रतच मागते.

छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी गुंठेवारीतलं (गुंठा-गुंठा विकलेल्या जमिनीवरचं), नोंदणी न करता नुसत्या बॉण्डवर घेतलेलं घर असेल तर त्याचा एकूण एक कागद ठेवा: बॉण्ड, कर पावत्या, जुनं वीज बिल. नियमित करून घेताना ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, तो दाखवणारं दुसरं काही हातात नसतं.

एरवी वीज बिल भरल्याचा पुरावा दोन वर्षं ठेवा, त्यामागची बिलं फाडा. प्राप्तिकराचे कागद, फॉर्म १६ आणि वजावटीच्या पावत्या त्या-त्या निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून सहा वर्षं. हातउसन्या व्यवहाराच्या चिठ्ठ्या व्यवहार मिटल्यावर आणखी तीन वर्षं, कारण पैशाच्या वसुलीच्या दाव्याला साधारण तेवढीच मुदत असते. वॉरंटी कार्ड वस्तू घरात असेतो. वस्तू गेली की कार्डही. हे लोक विसरतात, आणि टीव्ही जाऊन दहा वर्षं झाली तरी त्याचं पुस्तक कपाटात असतं.

शाळेचा दाखला हा वेगळा विषय आहे. आजोबा-पणजोबांचा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरातली नोंद), कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची) नक्कल, ज्या कुठल्या जुन्या कागदावर जातीची नोंद आहे तो कागद कितीही फाटका असला तरी टाकू नका. जात पडताळणीत पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. सवलतीच्या फीचा आणि पूर्ण फीचा फरक धरला तर घरातला सगळ्यात महाग कागद कदाचित हाच निघेल.

पेटीत उर्दूतले आणि मोडीतले कागद आहेत. कुणाला वाचता येत नाहीत. ठेवायचे का?

ठेवायचेच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि महसुलाचं बरंच दप्तर उर्दूत होतं. त्यात खासरा पाहणीचा (जमीन कुणाच्या ताब्यात, याच्या पाहणीचा) उतारा असू शकतो, सेतवार (जमिनींची जुनी नोंद) असू शकतो, इनाम जमीन असेल तर मुंतखब (इनामाच्या हक्काचा कागद) असू शकतो. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याखालचा कुळाचा दाखला निघाला तर तो तुमच्या मालकीचा पायाच असू शकतो. प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पानं घडी न घालता सपाट ठेवा आणि जाणकाराकडून निदान दोन ओळींचा सारांश मराठीत करून घ्या: कुणाचं नाव, कोणतं गाव, कोणता गट किंवा सर्वे नंबर. सारांश वेगळ्या कागदावर. मूळ पानावर बॉलपेनने काहीही लिहू नका.

कर्ज फिटलंय. मग त्या फायली फेकायला काय हरकत?

फेकण्याआधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना बघा. तिथे बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसत असेल तर कागदोपत्री कर्ज अजून तुमच्या माथ्यावर आहे. २०१७ किंवा २०१९ च्या कर्जमाफीत खातं मोकळं झालेल्यांच्या उताऱ्यावरही बोजा राहून गेलेला सापडतो. परिणाम कळतो तो नवं कर्ज मागताना, किंवा भावाभावांत वाटणी करताना.

शाखेतून बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा कागद, घ्या, तो अर्जासोबत तलाठ्याकडे द्या, बोजा कमी केल्याचा फेरफार मंजूर झाला की ताजा सातबारा काढा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. ताजा सातबारा हातात आला की कर्जफाइलीतली हप्त्यांची पावतीपुस्तकं, पत्रव्यवहार, जुन्या नोटिसा फाडा. बेबाकी दाखला कायम राहू द्या.

ट्रॅक्टर किंवा दुचाकीच्या कर्जाला फॉर्म ३५ आणि नाहरकत घेऊन आरटीओत आरसीवरची नोंद काढायची. नाहरकतीची मुदत थोडी असते, पेटीत पडून राहिली तर बँकेत पुन्हा चक्कर. घरासारखं वैयक्तिक कर्ज पूर्ण फेडल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. शाखेत तोंडी भांडू नका, एका ओळीचा लेखी अर्ज द्या.

जुनी पासबुकं, पॉलिसी, शेअरचे कागद सापडले. आता पुढे?

पासबुक टाकू नका, जुनं असेल तर मुळीच नाही. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. पैसे तरीही तुमचेच असतात आणि मागणी आपल्या बँकेकडेच करायची असते. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. ‘पांडुरंग’, ‘पांडूरंग’, ‘पी. के.’ अशी नावाची सगळी रूपं टाकून पाहा, एका स्पेलिंगवर समाधान मानू नका. तिथे नाव दिसलं नाही तर पासबुकावरच्या शाखेत जाऊन विचारा. शाखा विलीन झाली असेल तर ती ज्या बँकेत गेली तिथे.

पोस्टाची मुदत संपलेली खाती तीन वर्षांत बंद केली नाहीत तर गोठवली जातात. मूळ पासबुक किंवा प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि बचत खात्याचा तपशील घेऊन गेलात की मोकळी होतात. विमा पॉलिसी तीन वर्षांचे हप्ते भरून बंद पडली असेल तर तिच्यात पेड-अप (भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात मिळणारी) रक्कम असू शकते, पॉलिसी क्रमांक घेऊन शाखेत विचारा. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, आधी डीमॅट (कागदाऐवजी ऑनलाइन खात्यात जमा) करावे लागतात. सात वर्षं सलग लाभांश उचलला नसेल तर शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदारांच्या न उचललेल्या रकमांच्या) निधीकडे गेलेले असू शकतात. तेही परत मिळतात, पण नावातला फरक आणि वारसाचे कागद यांतच महिने जातात.

ही रक्कम आली की झाकणावरच्या तीन ओळींपैकी एकीवर घाला. ‘फुकटचा पैसा’ म्हणून तो सगळ्यात आधी उडतो.

पतसंस्था किंवा मल्टिस्टेटची ठेव अडकलीय. पावती ठेवून काय उपयोग?

मूळ पावती हाच दाव्याचा पाया आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला लागू नाही. ठेवीदारांच्या हितासाठी १९९९ चा राज्याचा कायदा आहे. त्याखाली संस्थेची मालमत्ता विकून वाटप होतं तेव्हा मूळ पावती, पासबुक, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील मागतात. ‘पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात मूळ पावती देऊ नका, झेरॉक्स द्या.

मोंढ्यातल्या पट्ट्या आणि बियाण्यांची बिलं यांचा ढीग होतो. किती ठेवू?

पट्ट्या सहा-सात वर्षं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण खात्यात मोठी रोख भरली आणि विचारणा झाली तर ‘माल विकला’ असं सांगून भागत नाही. पट्टी आणि त्या वर्षीचा पीकपेरा असलेला सातबारा एकत्र दाखवावा लागतो. वर्षाची एक पिशवी करा.

बियाण्याचं मात्र फक्त बिल पुरत नाही. पिशवी, तिला शिवलेला टॅग आणि मूठभर बियाणं पीक हाती येईपर्यंत ठेवा. पिशवी वरून न फाडता खालून उसवा, म्हणजे टॅग शाबूत राहतो. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार करा, म्हणजे पंचनामा वेळेत होतो. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. पीक चांगलं आलं, माल विकला, की त्या पिशव्या भंगारात.

मशीनमधून निघालेल्या गुळगुळीत पावत्या उन्हाळ्यात कोऱ्या होतात. कामाची असेल त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले तर मूळ कागद फेकता येतील का?

नाही. डिजिलॉकरमध्ये खात्याने स्वतः दिलेला आधार, वाहन परवाना किंवा बोर्डाची गुणपत्रिका मूळ प्रतीइतकीच ग्राह्य असते. तुम्ही स्वतः काढून चढवलेला फोटो फक्त फोटो असतो. दोन्ही एकाच ॲपमध्ये दिसतात म्हणून घोटाळा होतो. फोटोचा उपयोग शोधायला आणि पेटी जळाली-भिजली तर नक्कल मागायला.

लॅमिनेशन करावं का?

खरेदीखत, स्टँप, जुना दाखला यांना मुळीच नाही. शिक्का आणि कागद तपासता येत नाही, आणि उष्णतेने जुना कागद ठिसूळ होतो.

पेटी कशी भरायची? वाळवी आणि पाणी यांचं काय?

महागडे डबे आणू नका. पत्र्याची एक पेटी, पुठ्ठ्याच्या सात-आठ फायली, पेन्सिल आणि सुती नाडी बास. फायली अशा: जमीन, घर, कर्ज, बँक-पोस्ट-विमा, दवाखाना, शिक्षण-जात, कर. आठवी फाइल ‘चालू कामं’, आणि ती पेटीबाहेर.

स्टेपलच्या पिना काढा, गंजून भोक पडतं. रबरबँड नको, आपल्या उन्हाळ्यात तो वितळून कागदाला चिकटतो. स्वस्त प्लास्टिकच्या पाकिटात झेरॉक्स ठेवली तर अक्षरं प्लास्टिकवर उमटतात आणि कागद कोरा होत जातो.

पेटी चार विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात वाळवी मातीच्या भिंतीतूनच चढते आणि पेटीच्या मागच्या बाजूने शिरते, म्हणून मागची बाजू महिन्याला एकदा बघा. माळवद गळतं ती जागा घरच्यांना ठाऊकच असते, तिथे पेटी नको. वाळलेला कडुनिंबाचा पाला कागदात नाही, तळाशी कापडात बांधून ठेवा.

फाडायच्या ढिगाचं काय करायचं? रद्दीत दिलं तर चालतं?

वर्तमानपत्रं, पत्रिका, पुठ्ठे द्या. आधार-पॅनच्या झेरॉक्स, बँकेची पानं, सहीचे कागद नाही. फाडताना आडवं नको: नंबर, सही आणि फोटो तिन्ही तुकड्या-तुकड्यांत जातील असं फाडा. मग बादलीत तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, हाताने कुस्करा. एवढा लगदा झालाच आहे तर भिजवून वाटलेल्या मेथ्या त्यात मळून, पालथ्या घमेल्यावर थापून टोपली करणाऱ्या बाया अजून गावोगाव आहेत. तिच्यात तुमच्या आधारच्या झेरॉक्सपेक्षा शेंगा जास्त शोभतील.

पुढच्या वेळी झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. ढीगही कमी होतो आणि भीतीही.

भंगार देताना काय चुकतं?

वजन. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड घरीच वेगळं करून ताणकाट्यावर तोला आणि आकडे लिहून ठेवा. एकत्र पोतं दिलं की सगळ्याला लोखंडाचा भाव लागतो. जुनं पितळ मोडीत देऊन नवं भांडं घेताना मोडीचा भाव आणि नव्या भांड्याचा भाव वेगवेगळा विचारा. ‘वर एवढे द्या’ या एका आकड्यात दोन्हीकडचा फायदा दुकानदाराचा होतो.

इन्व्हर्टरची बॅटरी फोडू नका, नवी घेताना दुकानदाराला परत द्या. फवारणीच्या औषधाचे डबे तीनदा खळबळून, ते पाणी फवाऱ्यात ओतून, भोकं पाडूनच वेगळे टाका. तेल-रॉकेल भरायला कधीच नाही. गंजलेली दुचाकी आरसी रद्द केल्याशिवाय भंगारात गेली तर पुढे तिच्या नंबरवर काहीही झालं तरी नोटीस तुमच्या दारात.

सोनं मोडायचंच असेल तर मूळ बिल शोधा, खडे आणि दागिन्यात भरलेली लाख वजा करून वजन विचारा, आणि दोन ठिकाणी विचारा.

अण्णा पेटीला हात लावू देत नाहीत. काय करावं?

त्यांच्या माघारी उघडू नका. त्यांना खुर्चीवर बसवा, तुम्ही खाली बसा, एकेक कागद वाचून दाखवा आणि विचारा, ‘हा कशाचा?’ ते सांगतील ते पेन्सिलीने पाकिटावर लिहा. कोणत्या बांधावरून कुणाशी वाद झाला, कुणाला किती दिले, कोणती पावती कच्ची, ही माहिती कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. त्याच बैठकीत प्रत्येक खात्यावर आणि पॉलिसीवर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे ते तपासा; नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. टाकायचं की ठेवायचं, हे त्या दिवशी विचारूच नका.

वर्षभरात घर पुन्हा भरतं. कुठून?

बहुतेक लग्नसराईतून. टॉवेल-टोप्या, साड्या, स्टीलचे डबे येतात आणि ‘देता-घेता उपयोगी पडेल’ म्हणून माळ्यावर जातात. आहेराचं एकच गाठोडं ठेवा, प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधा: कुणाकडून, कोणत्या लग्नात. गाठोडं फुगलं की पुढच्या आहेराची नवी खरेदी बंद, देणं गाठोड्यातूनच. वाचलेले पैसे त्या दिवशीच झाकणावरच्या कागदातल्या कामाला. चिठ्ठी मात्र देण्याआधी काढायला विसरू नका. मामीची साडी मामीकडेच परत गेली, तर नुसती साडी परत जात नाही.